खळ्यात वळेल तेवढं इंजिन

माझ्या नातीला मोटारसायकल घ्यायची होती, आणि तीही साधी नव्हे, शर्यतीतल्यासारखी, टाकीवर ओणवं होऊन चालवायची. ही गोष्ट तिने आम्हाला जेवताना सांगितली. म्हणजे बांगड्याचं तिखलं वाढून झाल्यावर, सगळ्यांची तोंडं भरलेली असताना. पोरगी हुशार आहे. तोंडात घास असला की माणसाला लगेच नाही म्हणता येत नाही.

माझ्या मुलाने तो घास गिळला आणि विचारलं, "कित्याक? माझी गाडी काय वायट आसा?"

त्याची गाडी शंभर सीसीची, खूप जुनी. ती गेली दोन वर्षं नातच वापरते. कणकवलीला एका लॅबमध्ये ती रक्त तपासायचं काम करते. रोज सकाळी कट्टा गावावरून कसाल, तिथून हायवेने कणकवली, संध्याकाळी तसंच परत. बाप ग्रामपंचायतीत क्लार्क, तो चालत जातो आणि त्याबद्दल तक्रार करत नाही, हेही सांगायला हवं.

"वायट नाय बाबा," नात म्हणाली, "पण हायवेर ट्रक मागसून इलो की ती थरथरता. आणि माका लहानपणापासून तसली गाडी व्हयी. पैसे माझे. मी साठवलंय."

मुलगा ताट बाजूला सारून म्हणाला, "हा विषय इथेच संपला. यापुढे या घरात मोटारसायकलची चर्चा होणार नाही."

आमच्याकडे राग मालवणीत येतो. माझा मुलगा असा छापील बोलायला लागला की मी ओळखते, हा रागावलेला नाही, घाबरलेला आहे. त्याच्या लग्नाच्या याद्यांच्या वेळीही तो असाच ऑफिसातल्यासारखं बोलत होता.

विषय संपला वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी मुंबईहून माझ्या धाकट्या मुलाचा फोन आला. त्याला कोणी कळवलं देव जाणे. फोन स्पीकरवर होता. "घेतलंस तर मोठीच घे गो बाय! साडेसहाशे! बारकी घेवन लोकांका तोंड काय दाखवतलंस?" याने स्वतः आयुष्यात सायकलीच्या पुढे काही चालवलेलं नाही. पण पुतणीच्या जिवावर याला साडेसहाशे पाहिजे.

आणि लोक तरी काय! कट्ट्याच्या बाजारात मी मिरच्या घेत होते, तर ओळखीची बाई विचारते, "नात गाडी घेता म्हणे, किती सीसी?" पूर्वी मुलगा बघायला गेलं की पगार किती असं विचारायचे, अगदी तो सूर. मला सीसी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. उत्तर न देता मी मिरच्या जास्त घेतल्या.

घरी येऊन नातीलाच विचारलं. तिने मला स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्यावर भांडी मांडली. म्हणाली, "बघ गो आजी. इंजिनाच्या पोटात एका फेऱ्याक हवा नि पेट्रोल किती मावता, ता सीसी." मग चहाच्या पेल्यात पाणी भरलं. "ह्या दीडशे." दुधाचं पाव लिटरचं माप घेतलं. "ह्या अडीचशे." आणि शेवटी पितळेचा तांब्या काठोकाठ भरला. "आणि ह्यो माझो साडेसहाशे!"

तांब्याकडे ती अशी बघत होती, की मी समजले हिचं मन कुठे बसलंय.

मला स्वतःला सायकलसुद्धा येत नाही. आमच्या वेळी मुलीने सायकलवर पाय टाकला तर आवाठातली, म्हणजे वाडीतली, म्हातारी माणसं खाकरायची, आणि त्या खाकरण्याला आम्ही घाबरायचो. आता वाटतं, खाकरू द्यायला हवं होतं. पण ते आता. म्हणून नात म्हणाली तेव्हा मला आतून बरं वाटलं, हे मी मुलाला सांगितलं नाही, पण इथे लिहिते.

तर हे घरात सुटेना, तेव्हा मी आमच्याकडे जे करतात ते केलं. देवाकडे कौल लावायला गेले. बाहेरच्या वाचकासाठी सांगते, कौल म्हणजे गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला लावतो, मनातली गोष्ट देवासमोर मांडतो, आणि आपण वाट बघायची. उजवीकडची आधी पडली तर देवाचं होय, डावीकडची पडली तर नाही.

नात सोबत होती. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान दुचाकी वाहन घेऊचा मनात आणलेला आसा. ता घेऊचा काय नाय, ता तू सांग. आणि घेतला तर वाटेत, वळणार, पावसात तिची राखण कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी म्हटलं, नात म्हणाली, आणि खांबाला टेकून बसलेले एक म्हातारे गृहस्थ, ज्यांचा आमच्याशी काही संबंध नव्हता, तेही म्हणाले.

उजवी पाकळी लगेच पडली. नातीने माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली.

आणि इथे माझी चूक झाली. घरी येऊन सांगितलं तर मुलगा म्हणाला, "बरां झाला. देवान वाहन म्हटल्यान. स्कूटर पण वाहनच." मुंबईहून धाकटा ओरडला, "देव बारक्या गाडयेक कौल कित्याक देतलो? साडेसहाशेकच दिल्यान!" नात तर साडेसहाशेचे फोटो मैत्रिणींना पाठवून मोकळी झाली होती. माझ्या मनात मात्र ते दुधाचं माप, अडीचशे. देवाने एक पाकळी टाकली आणि आमच्या घरात तिच्या तीन गाड्या झाल्या. मी विचारताना आकडा घातलाच नव्हता.

दुसऱ्या सोमवारी मी परत गेले. गुरवाला म्हटलं, "आज आकड्यासकट इचार. अडीचशे की साडेसहाशे."

गुरव हसायला लागला. "काकी, देव होय-नाय सांगता. सीसी सांगना नाय. आणि एकदा दिल्लो कौल परत इचारूचो नसता. देवान घेऊक सांगल्यान ना? मगे खंयची ता तुमी बघा. सगळा देवान करूचा तर तुमी कशाक?"

मी नारळ घेऊन परत आले. रस्ताभर मला त्या गुरवाचा राग येत होता. घराशी पोचेपर्यंत तो बरोबर आहे असं वाटायला लागलं.

शेवटी मुलानेच अट घातली. आता अट समजायला आमचं घर समजायला हवं. रस्त्यावरून आमच्याकडे एक घाटी, म्हणजे चढणीची अरुंद वाट, उतरते. जांभ्या दगडाची, दोन्ही बाजूंना गडगा, म्हणजे दगडी कुंपण, रुंदी एका गाईची. खाली खळं, म्हणजे घरापुढचं अंगण. खळ्यात तुळस, एका कडेला विहीर, दुसऱ्या कडेला काजूचं झाड, आणि जमिनीला घराकडे थोडा उतार. गाडी खाली येते ती घराकडे तोंड करून. परत जायचं तर खळ्यात वळवावी लागते.

मुलगा म्हणाला, "खंयची पण हाड. पण गाडी तू एकट्यान खळ्यात आणूची, एकट्यान वळवूची, एकट्यान घाटी चढवूची. कोणाक हाक मारलीस तर स्कूटर. कबूल?"

"कबूल," नात म्हणाली.

मला ही अट दुष्टपणाची वाटली. पण नंतर पडवीत बसल्यावर तो मला हळूच म्हणाला, "आई, हायवेर गाडी आडवी झाली तर तिका उचलूक मी आसतलंय काय?"

लॅबमधल्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याकडे साडेसहाशेची गाडी होती. नातीने एका रविवारी ती दिवसभरासाठी मागून आणली. मार्च महिना. काजूची बोंडं पिकलेली, त्यांचा तो आंबूस वास सगळीकडे, आणि झाडाखाली वाळल्या पानांचा थर. वर रस्त्यावर आवाज आला तेव्हा कपाटातल्या वाट्या किणकिणल्या. सून बाहेर येऊन म्हणाली, "आवशीक! हेलिकॉप्टर इला काय?"

उतरली छान. पाय टेकले तेव्हा मात्र मी बघितलं, नुसते चवडे टेकत होते, टाचा वर. नात माझ्यासारखीच बुटकी. तिने हेल्मेटची काच वर करून आमच्याकडे बघितलं, हसली, आणि वळवायला लागली.

मला तेव्हा कळलं की असल्या गाडीचं हँडल आपल्या साध्या गाडीसारखं पुरतं वळत नाही. थोडं वळलं की टाकीला लागतं. शर्यतीच्या रस्त्यावर एवढं वळायची गरज नसते म्हणे. आमच्या खळ्यात असते. पुढे घ्यावी तर घराची भिंत. मागे ओढावी तर चढ, आणि पाय पुरे टेकत नाहीत. वीतभर मागे यायची, पुन्हा उतारावर पुढे सरकायची. इंजिनाची धग एवढी, की तिचा चेहरा लाल झाला. मुलगा ओट्यावर पेपर उघडून बसला होता. पेपर उलटा होता असं नाही, पण पान काही उलटत नव्हतं.

मग मागचं चाक वाळल्या काजूच्या पानांवर गेलं. गाडी कलंडली. धाडकन नाही, म्हैस बसते तशी सावकाश, मान टाकत. नातीने शेवटपर्यंत धरून ठेवली आणि मग सोडून बाजूला झाली. लागलं नाही. पण उचलायला गेली तर गाडी हलेना. एकदा बघितलं, दोनदा, तिसऱ्यांदा पाठ लावून. तोंडातून हाक नाही. ओठ दातांत धरलेला.

मला ते बघवेना. मी ओरडले, "अरे कोण आसा काय रे! येवा रे!"

चार जण आले, आणि त्यातल्या एकाच्या खांद्यावर दोर. आमच्याकडे हाक आली की लोक आधी दोर घेतात, मग विचारतात. गाडी उभी केली, दोर बांधला आणि होडी वाळूवर ओढतात तशी "हय्या, हय्या" करत घाटीने वर नेली. नात हँडल धरून. एक जण वरून मला म्हणतो, "काकी, मासो बरो गावलो गो! किलो काय भाव?"

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" मी म्हटलं. पण हसायला आलं. नातीला आलं नाही.

मुलाने पेपर घडी करून ठेवला. एकच शब्द बोलला, "स्कूटर."

पुढचे आठ दिवस पोरगी बोलली नाही. कामाला जायची, यायची, जेवायची. मोबाइलवरचे गाड्यांचे फोटो तिने पुसून टाकले, हे तिच्या आईने मला सांगितलं. एका संध्याकाळी मी मागीलदारी बोंडांपासून काजू पिळून काढत बसले होते, ती येऊन शेजारी बसली आणि हातांना काम लावलं.

"बाबांचा बरोबर होता," ती म्हणाली. "माझ्यान होवचा नाय. स्कूटर तर स्कूटर."

तेव्हा मी तिला तिच्या आजोबांच्या मशीनची गोष्ट सांगितली. ती तिला कोणी सांगितलेली नव्हती, कारण आमच्या ह्यांना ती आवडत नसे.

आमची लहान होडी होती, खाडीत आणि खाडीच्या तोंडाशी जाळी टाकायची. आधी वल्ह्यांवर. मग सगळ्यांनी मागे मशीन बसवली तेव्हा ह्यांनीही बसवायचं ठरवलं, लहानशी. पण कुणीतरी धंदा सोडत होता, त्याची मोठी मशीन मिळत होती. मोठ्या होडीची. सगळे म्हणाले, घे, असली मशीन आवाठात कुणाकडे नाही. घेतली. पहिल्या दिवशी दोरी ओढली आणि होडीचं तोंड आभाळाकडे आणि ढुंगण पाण्यात! मागून पाणी आत. अर्ध्यापेक्षा जास्त जोर कधी लावताच येईना, लावला की मागची फळी करकरायची. तरी एक अख्खा हंगाम तशीच हट्टाने चालवली, कारण लोकांनी बघितली होती. लोक काठावरून विचारायचे, "काय रे, होडी मशीनीक व्हरता काय मशीन होडयेक?" शेवटी फळीला भेग पडली तेव्हा ती मशीन बदलून लहान आणली. त्या लहान मशीनवर आमचं घर चाललं, तिच्या बापाचं शिक्षण झालं.

नात काजू पिळायची थांबली. "म्हणजे आजोबा पण चुकले?"

"चुकले मगे! मशीन वायट नव्हती गो. होडी पण वायट नव्हती. दोघांचा जमला नाय. तुझा नि त्या गाडयेचा जमला नाय, इतक्याच."

"पण अडीचशे घेतलंय तर काका हसतलो."

"हसूक दे. तेका थंय बसान हसूक काय जाता? तुका हंयसर चालवूची आसा."

तिने पुढचं बोंड उचललं. पण त्या शनिवारी ती उशिरा आली. कुडाळच्या शोरूममध्ये जाऊन बसली होती, एकेका गाडीवर. वहीत लिहून आणलं होतं, रक्ताचे रिपोर्ट लिहिते तसं नीट. कुठली गाडी किती वजनाची, कुठलीवर पाय पुरते टेकतात, हँडल किती वळतं. मला वाचून दाखवताना तिचा आवाज परत आला होता. "आजी, दीडशेची हलकी, खेळण्यासारखी. पण हायवेर ट्रकाच्या फुडे जावचा तर तिका दम लागता, परत बाबांच्या गाडयेसारख्याच. चारशेची जोरात ओढता, पण हळू चालवलं की धक्के मारता. घाटयेत ती माका खाली टाकतली. अडीचशेर माझ्या टाचा टेकतत."

"टाचा टेकतत ना? मगे तीच."

"आणि ट्रकाच्या फुडे जाता," ती म्हणाली, आणि त्या रविवारनंतर पहिल्यांदा हसली.

आता प्रश्न अटीचा. मी मुलाला पडवीत गाठलं. "काय रे झिला, त्या दिवशी हाक कोणी मारली?"

"कोणी म्हणजे? हाक मारल्यानी ना?"

"चेडवान नाय मारूक. मियां मारलंय. ती शेवटपर्यंत गप होती. तुझी अट मी मोडलंय, तर शिक्षा माका कर. स्कूटर माका घेवन दी. तिका परत एक संधी."

"आई, तुका ह्यो कायदो कोणी शिकवलो?"

"तुया. दर ग्रामसभेत बघतंय नाय मी?"

तो हसला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "एकदाच."

शोरूमवाले गाडी घरी दाखवायला आणतात म्हणे. पुढचा रविवार ठरला. त्या सकाळी मी चहाला उठले तर खळ्यात खराट्याचा आवाज. बघते तर माझा मुलगा, लुंगी खोचून, काजूखालची पानं झाडतोय. एक पान ठेवलं नाही. मला बघून म्हणाला, "कचरो झालेलो." मी म्हटलं, "होय, लय झालेलो." आणि चहा ठेवायला आत गेले, कारण माझं तोंड त्याने बघू नये असं मला वाटलं.

दहाच्या सुमारास शोरूमचा माणूस गाडी घेऊन वर रस्त्यावर उभा राहिला. नात चढून गेली आणि गाडीवर बसून खाली आली. वाट्या वाजल्या नाहीत. खळ्यात थांबली, दोन्ही टाचा जमिनीवर. मुलगा ओट्यावर. आज पेपर नव्हता.

हँडल हिचंही पुरतं वळत नव्हतंच. पुढे घेतली, भिंतीच्या हातभर अलीकडे थांबवली. मग कमरेतून जोर देऊन मागे ओढली. चढ होता, पण गाडी आली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा मागे घेताना पाय दगडावरून सटकला आणि गाडी एका अंगाला झुकली. मुलगा ताडकन उठला. मी त्याच्या शर्टाची शेपटी धरली.

"सोड आई!"

"बस खाली. तुझीच अट."

नातीने गुडघा टाकीला टेकवला, एक श्वास घेतला आणि गाडी सरळ केली. स्वतः. मग हँडल घाटीकडे झालं. तिने बटण दाबलं, निघाली, आणि दोन हातांवर इंजिन बंद पडलं. क्लच लवकर सोडला असणार. मुलाचा शर्ट माझ्या मुठीत ताणला गेला. तिने परत सुरू केली. या वेळी घाई केली नाही. गाडी गडग्यांच्या मधून एका चालीने चढत गेली, आणि वर वळणाला तिचा लाल दिवा दिसेनासा झाला.

मी शर्ट सोडला तसा मुलगा अनवाणीच घाटी चढायला लागला. या वयात धावतो म्हणजे काय! मी मागून, माझ्या चालीने, गडग्याला हात लावत. अर्ध्यावर दम खायला थांबले. वरचं दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. मुलगा धापा टाकत होता. शोरूमच्या माणसाने कागद काढले असावेत, कारण तो अदबीने विचारत होता, "मग साहेब, अडीचशेच फायनल करू ना?"

"माका कित्याक इचारतास?" मुलगा म्हणाला. आणि ते मालवणीत म्हणाला. "चालवतली ती. तिका इचारा."

मग नातीचा आवाज आला, खाली विहिरीपर्यंत जाईल एवढा मोठा, "अडीचशे!"

मी तिथेच गडग्यावर बसले. वर जायची आता घाई नव्हती.